पहिला गुन्हा आणि दहा वर्षे : भारतातील अमली पदार्थ कायद्याची कथा (थ्रेड)

१/ १९८५ पर्यंत भारतात अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना मुख्यतः १९३० चा ब्रिटिशकालीन कायदा लागू होता. त्यात कमाल शिक्षा तीन वर्षांची, पुन्हा गुन्हा केल्यास चार वर्षांची. आधीच्या शिक्षेचा विचार शिक्षेच्या मोजमापातच होता.

२/ १४ नोव्हेंबर १९८५ रोजी नवा कायदा अमलात आला. तो आज ‘एनडीपीएस’ या नावाने ओळखला जातो. हेरॉइन, अफू किंवा चरस बाळगल्यास पहिल्याच गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड. अल्प प्रमाण स्वतःच्या सेवनासाठीच होते हे सिद्ध झाले तर शिक्षा सौम्य. पण ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर.

३/ १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने एक उदार वाट दिली होती : प्रथम अपराध्याला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येई. नव्या कायद्याच्या कलम ३३ ने ती वाट बंद केली. अपवाद अठरा वर्षांखालील आरोपींचा आणि सेवनासारख्या किरकोळ गुन्ह्यांचा.

४/ १९८९ मध्ये जामीनही आवळला गेला. कलम ३७ नुसार न्यायालयाची दोन बाबतींत खात्री पटली पाहिजे : आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही. निष्कलंक पूर्वायुष्य दुसऱ्या अटीला बळ देते. पहिल्या अटीपुढे ते निरुपयोगी ठरते.

५/ मग बचाव कुठे उरला? कार्यपद्धतीत. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ५० देते. हा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात ठरवले.

६/ पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या ‘दादू’ खटल्यात अपिलाच्या काळात शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार परत मिळाला. मात्र कलम ३७ च्या अटींसह. शिक्षेत सूट देण्यावरील बंदी कायम राहिली.

७/ सर्वांत मोठा बदल २००१ चा. व्यसनी माणूस आणि बडा तस्कर एकाच तराजूत तोलले जात आहेत, हे संसदेने मान्य केले. तेव्हापासून तीन पायऱ्या आहेत : अल्प, मधले आणि व्यापारी प्रमाण. हेरॉइनसाठी सीमा ५ व २५० ग्रॅम, चरसासाठी १०० ग्रॅम व १ किलो, गांजासाठी १ व २० किलो. दहा वर्षांची किमान शिक्षा आता मुख्यतः व्यापारी प्रमाणालाच लागते. मधल्या प्रमाणाला दहा वर्षे ही कमाल मर्यादा आहे. कलम ३७ ची कठोर कक्षाही त्याबरोबर आक्रसली.

८/ पण मग वजन कशाचे? शुद्ध द्रव्याचे, असे २००८ च्या निकालाने म्हटले. भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे, असे २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात ठरले. आरोपी तोच, पुडी तीच. केवळ मोजण्याच्या रीतीने त्याची पायरी बदलू शकते.

९/ व्यसनी आरोपीसाठी उपचाराची वाट कायद्यातच आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पत्करले, तर कलम ६४-अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय त्याचे वय, चारित्र्य व पूर्वेतिहास पाहून त्याला उपचारासाठी सोडू शकते. व्यापारी प्रमाणाच्या आरोपीला मात्र हे दोन्ही मार्ग बंद. २००६ पासून सुरू झालेली शिक्षेची तडजोडही त्याच्यासाठी नाही, कारण ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे.

१०/ त्याच्यासाठी उरतात ते पुरावा आणि काळ. २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ठरले की तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब दोषसिद्धीचा आधार होऊ शकत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटला रखडल्याच्या कारणावरून, तेविसाव्या वर्षी अटक झालेल्या एका आरोपीला जामीन दिला. तोवर त्याने सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढला होता, आणि निम्म्याहून अधिक साक्षीदार अजून तपासायचे होते.