निपचित म्हणजे सुखी नव्हे

वेदना कोणाला दिसत नाही. दिसते ती हालचाल. माणूस कण्हतो, कूस बदलतो, हात झटकतो, आणि त्यावरून आपण ताडतो. वेदनाशामक औषधांचा इतिहास बहुतांशी याच अनुमानावर उभा आहे, आणि ते किती फसवे आहे हे दाखवून दिले उंदरांनी.

१८०५ च्या सुमारास जर्मनीत सेर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. माणसाला ते गुंगवते. लहान पांढरा उंदीर मात्र ते टोचताच इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखी शेपटी पाठीवर ताठ उभारतो (१९११ साली श्ट्राउबने हे नोंदले) आणि पिंजऱ्यात धावत सुटतो. तरीही ५५ अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर ठेवल्यास पाय चाटायला तो उशीर लावतो. धावणाऱ्या जिवाचीही वेदना शमलेली असू शकते, ती अशी.

पण एका झाडाच्या चिकासाठी आपल्या शरीरात जागा का असावी? १९७३ साली मेंदूत अशा जागा, म्हणजे अफूची ग्राहके, सापडली. १९७५ साली ॲबर्डीनच्या ह्यूज व कॉस्टर्लिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून पाच-पाच अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या काढल्या. हीच एन्केफालिने. त्यांची पारख झाली उंदराच्या शुक्रवाहिनीच्या तुकड्यावर. विजेने आखडणारा तो तुकडा अर्काने मंदावे, आणि अफूचा उतारा असलेले नॅलॉक्सोन टाकताच पूर्ववत आखडू लागे. वेदनेचे घरचे औषध सापडले तेही हालचाल मोजूनच!

१९७६ साली बीटा-एन्डॉर्फिन हा शरीरातलाच दुसरा पदार्थ मोठ्या जातीच्या उंदराच्या मेंदूत घातला, तर तो लाकडासारखा ताठ पडला. पुढे १९९६ साली एन्केफालिनाचे जनुक नसलेले उंदीर तयार झाले. तापलेल्या पत्र्यावर ते लवकर कळवळत. शेपटी झटकण्याचा वेग मात्र इतरांइतकाच. शेपटी झटकणे हे मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जेचे काम, कळवळणे मेंदूचे.

आमच्या यवतमाळकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पूर्वी तान्ह्याला अफूचा कण चाटवीत, असे मी जुन्या माणसांकडून ऐकले आहे. मुंबईच्या गिरणगावात तीच ‘बाळगोळी’ होती. पोटात भूक तशीच राही, फक्त रडणे थांबे. त्या मातांना दोष कोण देईल? पण अंथरुणावर गप्प पडलेल्या रोग्याला आपणही ‘आता बरे आहे’ म्हणून मोकळे होतो. त्याच्याजवळ बसून ‘दुखते का?’ एवढे विचारावे, हे कोणत्याही मोजमापाइतकेच महत्त्वाचे आहे.