दोन चपात्या आणि सुकी भाजी

लग्नात बँडवाल्याचं जे स्थान, तेच आपल्या क्रिकेटमध्ये एके काळी द्रुतगती गोलंदाजाचं होतं. वरात मांडवापर्यंत पोचवायची आणि मुकाट्यानं बाजूला व्हायचं. चेंडूची लकाकी गेली की पुढचं कार्य बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे गुरुजी उरकत. १९६७ साली एजबॅस्टनला चारही गुरुजी एकदम खेळले आणि बँडवालाच मिळेना! मग नवा चेंडू दिला बुधी कुंदरनच्या हाती. कुंदरन मूळचा यष्टिरक्षक. तू टाकतोस तरी काय, असं कर्णधार पतौडीनं विचारलं, तेव्हा ते त्यालाही ठाऊक नव्हतं म्हणतात. पुढे सोलकर, आबिद अली, इतकंच काय, खुद्द गावसकरनेही नवा चेंडू टाकला.

तसे आम्ही जन्मजात मऊ नव्हतो हो! १९३२ साली लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत निसार आणि अमरसिंगच्या जोडीपुढे इंग्लंडची ३ बाद १९ अशी दाणादाण उडाली होती. पण अमरसिंग १९४० सालीच वारला आणि फाळणीनंतर निसार पाकिस्तानचा झाला. पुढे मुंबईच्या रमाकांत देसाईने एकट्याने किल्ला लढवला. मूर्ती एवढीशी की लोक त्याला 'टायनी' म्हणत, पण २८ कसोटींत ७४ बळी घेतले पठ्ठ्यानं. त्याच्यानंतर पुन्हा बँडवालेच.

अशा काळात, सत्तरच्या दशकात, मुंबईला होतकरू पोरांचं शिबिर भरलं. दिवसभर उन्हात घाम गाळल्यावर ताटात पडल्या दोन चपात्या आणि सुकी भाजी. चंदीगडचा एक दांडगा पोरगा कुरकुरला. मी द्रुतगती गोलंदाज आहे, एवढ्यानं माझं काय होणार? व्यवस्था पाहणारे केकी तारापोर हसले. हिंदुस्थानात द्रुतगती गोलंदाज नसतातच, असं त्यांनी ऐकवलं. हे बोलणं त्या पोराला, म्हणजे कपिल देवला, भाजीपेक्षा जास्त झोंबलं. तारापोरांनाच का दोष द्यायचा? तेव्हा तुम्हीआम्हीही तेच म्हणत होतो.

१९७८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कपिल फैसलाबादला पहिली कसोटी खेळला. त्याचा उसळता चेंडू पाहून सादिक मोहम्मदनं हेल्मेट मागवलं. हिंदी गोलंदाजासमोर हेल्मेट! बळीच्या हिशेबानं पाहाल तर त्या कसोटीत कपिलला मिळाला एकच, तोही सादिकचाच. पण मला विचाराल तर ते हेल्मेट म्हणजे अर्धी मालिका जिंकल्यासारखं होतं. (मालिका आपण २-० अशी हरलो, ते सोडा.)

खरी परीक्षा झाली १९८१ साली मेलबर्नला. ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या फक्त १४३ धावा आणि कपिलची मांडी दुखावलेली. पहिल्या रात्री तो मैदानात उतरलाच नव्हता. शेवटच्या दिवशी मात्र कळ मारणारं इंजेक्शन घेऊन आला, २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद! एकूण १३१ कसोटी तो खेळला, पण दुखापतीमुळे एकदाही चुकला नाही. एकच चुकली, ती निवड समितीनं वगळलं म्हणून. समित्यांचा उसळता चेंडू कुणाला चुकवता आलाय?

८ फेब्रुवारी १९९४ ला अहमदाबादेत तिलकरत्नेला बाद करून त्यानं हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मोडला. निवृत्त झाला तेव्हा आकडा होता ४३४. त्या ताटातल्या दोन चपात्यांचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. चपातीमागे २१७ बळी पडतात. भाजी त्यात धरलेली नाही.