रुग्णवाहिकेतील पुढची पायरी कोणती?

राणीसावरगाव (जि. परभणी) : गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण भागातील या गावातून सर्पदंशाचा, प्रसूतीचा वा अपघाताचा रुग्ण हलवायचा झाल्यास प्रथम गंगाखेडचे उपजिल्हा रुग्णालय आणि प्रकृती गंभीर असल्यास तेथून परभणी, नांदेड अथवा अंबाजोगाई, असा मार्ग धरावा लागतो. या प्रवासात रुग्णाजवळ बसलेल्या व्यक्तीस काय येते आणि काय करण्याची मुभा आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे बारावीनंतर आपत्कालीन वैद्यकीय सेवेकडे वळणाऱ्या, किंवा तेथे दोन-चार वर्षे काढून पुढील शिक्षणाचा विचार करणाऱ्या तरुणांपुढे नेमका कोणता अभ्यासक्रम निवडावा, हा प्रश्न उभा राहतो.

या क्षेत्रातील शिक्षणाची उतरंड मुळात अमेरिकेतील आहे. तेथे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन अर्थात ईएमटी, त्यावर ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि शेवटी पॅरामेडिक, अशा पायऱ्या आहेत. ईएमटीचे प्रशिक्षण साधारण दीडशे तासांचे, तर पॅरामेडिकचे हजार तासांहून अधिक असते. भारतात हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘बेसिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असे दोन टप्पे आखले. बेसिकमध्ये हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन, प्राणवायू देणे, रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडास आधार बांधणे, तातडीची प्रसूती ही कामे येतात. ॲडव्हान्स्डमध्ये शिरेवाटे औषध देणे, हृदयाचा आलेख वाचणे आणि श्वासमार्ग मोकळा राखण्याची अधिक अवघड कौशल्ये यांची भर पडते.

कागदावर ही चढण सरळ दिसते. महाराष्ट्रात मात्र तिला एक वळण आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतील २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. या योजनेने गाडीत तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर ठेवला. डॉक्टरांमध्ये आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी राहिली. याउलट हैदराबादेत २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘ईएमआरआय’ पद्धतीत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो आणि तो दूरध्वनीवरून डॉक्टरांचे मार्गदर्शन घेतो. तेलंगणा, गुजरात आदी राज्यांत हीच पद्धत रुळली.

याचा परिणाम मराठवाड्यातील विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावयास हवा. ॲडव्हान्स्डचे प्रमाणपत्र मिळवले म्हणून घराजवळच्या १०८ गाडीत त्या दर्जाचे काम हाती येईलच, असे नाही. त्याचा उपयोग अधिक होतो तो मोठ्या रुग्णालयांचे अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका, कारखान्यांतील वैद्यकीय केंद्रे आणि परराज्यांतील सेवा येथे. गाव सोडण्याची तयारी नसेल, तर केवळ पुढची पायरी म्हणून पैसे भरणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी बाब कायद्याची. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट’ आणि ‘ॲडव्हान्स केअर पॅरामेडिक’ ही नावे आहेत. कायद्याच्या व्याख्येनुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाचे तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे असावे लागते. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, हे उघड आहे. ज्यास या व्यवसायात वीस-तीस वर्षे काढावयाची आहेत, त्याने प्रमाणपत्रावर प्रमाणपत्र चढवण्यापेक्षा विद्यापीठाशी संलग्न पदवी वा पदविका पाहावी. प्रवेशापूर्वी संस्थेस तिचे संलग्नतापत्र आणि प्रात्यक्षिकासाठी जोडलेल्या रुग्णालयाचे नाव मागावे. रुग्णालयाविना चालणारा अभ्यासक्रम हा अभ्यासक्रमच नव्हे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस आणि एसीएलएस हे अभ्यासक्रम मोजक्या दिवसांचे आणि उपयुक्त आहेत. परंतु त्यांचे कार्ड दोन वर्षांनी नूतनीकरणास येते. ती कौशल्याची उजळणी आहे, पात्रतेची पायरी नाही. जाहिरातींत हा फरक बहुधा पुसला जातो.

रुग्णवाहिकेतील डॉक्टरांपुढचा पेच निराळा आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकास स्वतंत्र विषयाची मान्यता दिली आणि २०१३ मध्ये त्यात डीएनबी सुरू झाले. तीन वर्षांच्या या एमडी-डीएनबीचे दार एमबीबीएस असणाऱ्यांनाच नीट-पीजीमार्गे उघडते. आयुर्वेद वा होमिओपॅथी पदवीधरांनी कितीही वर्षे गाडीत सेवा केली, तरी ते त्यांच्यासाठी बंद आहे. त्यांना आपापल्या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण किंवा रुग्णालय व्यवस्थापन हे पर्याय उरतात. एमबीबीएस डॉक्टरांनीही खासगी रुग्णालयांतील ‘एमईएम’ निवडताना, ती पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यतेची नाही, हे जाणून घ्यावे. प्रशिक्षण उत्तम असू शकते, पण अध्यापकपदासाठी ते चालत नाही.

अभ्यासक्रम तपासताना आणखी एक गोष्ट विचारण्याजोगी आहे. परदेशी धर्तीच्या पुस्तकांत हृदयविकार आणि मोटार अपघात भरपूर असतात. बालाघाटाच्या परिसरात मात्र विंचूदंश, सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा हे रुग्ण रुग्णवाहिकेत येतात. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसे जीव वाचवते, हे मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे काम करताना १९८०च्या दशकात दाखवून दिले. हे औषध केव्हा द्यावे, कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णास ॲट्रोपिन कसे द्यावे, नाग व मण्यार दंशात श्वास मंदावल्यास वाटेत काय करावे, हे शिकवणारी संस्था गंगाखेडच्या रस्त्यावर काम करणाऱ्यास अधिक मोलाची ठरेल. २०२३ मध्ये परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास १०० जागांची मान्यता मिळाली आहे. ते जिल्ह्याच्या ठिकाणीच असल्याने आपत्कालीन विभागाशी निगडित अभ्यासक्रमांबाबतची चौकशी तेथूनच सुरू करता येईल.