एनफिल्डचे प्रवचन

८ जुलै १७४१ रोजी न्यू इंग्लंडमधील एनफिल्ड गावच्या प्रार्थनामंदिरात जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने एक प्रवचन केले. ‘क्रुद्ध परमेश्वराच्या हाती सापडलेले पापी’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. त्याच वर्षी ते बॉस्टनमध्ये छापले गेले आणि श्रोत्यांना घाबरवून वळवणाऱ्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून आजही त्याचेच नाव पुढे केले जाते. एनफिल्ड तेव्हा मॅसॅच्युसेट्स वसाहतीत होते, पुढे १७४९ मध्ये ते कनेक्टिकटमध्ये गेले.

त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये देव, पाप आणि नरक यांबद्दल कोणाला पटवून द्यावे लागत नसे. अडचण वेगळीच होती. वसाहत उभारणाऱ्या प्युरिटन पिढीत मंडळीचे पूर्ण सभासद होण्यासाठी स्वतःला आलेला कृपेचा अनुभव सर्वांसमोर सांगावा लागे. नातवंडांपर्यंत पोचता पोचता असे अनुभव सांगणारे कमी झाले. १६६२ च्या धर्मसभेने त्यावर तोड काढली: ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, पण ज्यांना असा अनुभव आलेला नाही, त्यांच्याही मुलांना बाप्तिस्मा देता येईल. नॉर्थॅम्प्टनचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांनी त्यापुढे जाऊन अशा लोकांना प्रभुभोजनालाही बसू दिले. परिणामी, सदाचाराने राहणारी, रविवार न चुकवणारी, पण आपल्या तारणाची चिंता न करणारी माणसे प्रार्थनामंदिरांत भरली. एडवर्ड्स हे याच स्टॉडर्ड यांचे नातू. १७०३ मध्ये जन्मलेले, येलमध्ये शिकलेले. १७२९ मध्ये आजोबा वारले आणि नॉर्थॅम्प्टनची मंडळी त्यांच्याकडे आली.

मृत्यूही दूर नव्हता. १७३५ नंतर न्यू इंग्लंडभर घशाच्या रोगाची साथ पसरली होती आणि तिने मुख्यतः लहान मुले नेली. हा रोग घटसर्प असावा, असे आता मानले जाते. १७४० च्या शरद ऋतूत इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज व्हाइटफिल्ड यांच्या सभांनी धर्मजागृतीची लाट उसळली. एनफिल्डच्या आसपासची गावे तिच्यात न्हाऊन निघाली, एनफिल्ड मात्र कोरडे राहिले. प्रवचनाच्या दिवशी जमलेले लोक निष्काळजी आणि उथळ वागत होते, अशी आठवण तेथे हजर असलेले एलिझर व्हीलॉक पुढे सांगत. हेच व्हीलॉक डार्टमथ कॉलेजचे संस्थापक.

एडवर्ड्स मंचावर हातवारे करणारे वक्ते नव्हते. आवाज बेताचा, नजर स्थिर, हातात बारीक अक्षरांतली हस्तलिखित वही. म्हणजे या प्रवचनाची धार शोधायची तर ती आवाजात सापडणार नाही, मांडणीत सापडेल. प्युरिटन प्रवचनाचा साचा ठरलेला असे: शास्त्रवचन, त्यातून निघणारा सिद्धांत, सिद्धांताची कारणे आणि अखेरीस तो श्रोत्यांना लागू करणे. मराठी वाचकाला कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग आठवतील, पण फरक मोठा आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लागते आणि श्रोता दुसऱ्याच्या कथेत शिरतो. येथे उत्तरार्धात श्रोत्यालाच कथेचा विषय केले जाते.

आधाराचे वचन जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायातले, ३५ वे. योग्य वेळी पाय घसरण्याचा त्यात उल्लेख आहे. एडवर्ड्स त्यातून एवढेच काढतात की निसरड्यावर उभा असलेला माणूस कोणी न ढकलता, स्वतःच्याच वजनाने पडतो. अजून पडला नाही याला देवाच्या मर्जीखेरीज दुसरे कारण नाही. मग या सिद्धांताच्या पुष्टीसाठी दहा मुद्दे येतात. पहिले काही श्रोत्यांना तोंडपाठ असणार: देव समर्थ आहे, पापी शिक्षेला पात्र आहे, निकाल आधीच लागला आहे. खरा घाव सातव्यापासून नवव्यापर्यंत बसतो. प्रकृती ठणठणीत असणे ही हमी नाही, कारण मृत्यूच्या वाटा दिसत नाहीत. जपून राहणे ही हमी नाही, कारण शहाणेही मूर्खांसारखेच मरतात. पुढे सुधारण्याचे बेत ही हमी नाही, कारण आज नरकात असलेल्यांनीही असेच बेत केले होते. त्यांना विचारले तर ते काय सांगतील, हेही एडवर्ड्स कल्पून सांगतात. श्रोता ज्या ज्या गोष्टीला धरून निर्धास्त बसला होता, ती एकेक त्याच्या हातून काढून घेतली जाते.

त्यानंतर ‘ते’ जाऊन ‘तुम्ही’ येते आणि प्रतिमांची रांग लागते. ताणलेले धनुष्य, धरणामागे चढत जाणारे पाणी आणि सर्वांत गाजलेली, आगीवर धरलेल्या कोळ्याची. कोळ्यांविषयी एडवर्ड्स यांना तरुणपणापासून कुतूहल होते; हवेत तरंगत जाणाऱ्या कोळ्यांचे निरीक्षण त्यांनी १७२३ मध्ये एका पत्रात लिहून ठेवले होते. जॉन लॉक यांच्या तत्त्वज्ञानाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. ज्ञान संवेदनांतून येते, असे लॉक म्हणतात. मधाचा गोडवा तर्काने माहीत असणे वेगळे आणि जिभेवर घेणे वेगळे, हे एडवर्ड्स यांनी दुसऱ्या एका प्रवचनात सांगितले होते. नरकाच्या बाबतीत त्यांनी तेच तत्त्व लावले. माहीत असलेली गोष्ट अंगाला जाणवली पाहिजे.

या प्रवचनाला सरसकट नरकवर्णन म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्यात यातनांचे तपशील बेताचेच आहेत. वर्णन आहे ते पडण्याआधीच्या क्षणाचे. धनुष्य ताणलेले आहे, बाण सुटलेला नाही; पाणी चढले आहे, बांध फुटलेला नाही. भीती टिकते ती या ‘अजून नाही’मुळे. पुढे एडवर्ड्स म्हणतात की सबंध मंडळीत एकच माणूस नरकात जाणार असता, तरी तो कोण हे कळल्यावर त्याच्याकडे पाहणे किती भयंकर झाले असते. आणि येथे तर असे अनेक आहेत. काहींचे हे वर्ष संपणार नाही, काहींची उद्याची सकाळही उजाडणार नाही. बाकावर शेजारी बसलेल्याकडे, आणि मग स्वतःकडे, पाहायला लावणारे हे वाक्य त्या दिवशीचे सर्वांत जबर हत्यार असावे.

भीतीला वाट मात्र ठेवलेली आहे. कृपेचे दार आज उघडे आहे, असे सांगून ते नदीपलीकडच्या सफिल्डचे नाव घेतात: तिथले लोक रोज ख्रिस्ताकडे धावत असताना तुम्ही मागे का? शेजारच्या गावाशी असलेली ईर्ष्याही कामी आली. वृद्ध, तरुण, मुले यांना वेगवेगळे बोलावणे आहे.

एनफिल्डमध्ये हा शेवट बहुधा ऐकलाच गेला नाही. लाँगमेडोचे पाळक स्टीफन विल्यम्स यांच्या रोजनिशीनुसार प्रवचन संपण्याआधीच सभागृहात आकांत सुरू झाला, तारणासाठी काय करू म्हणून लोक ओरडू लागले आणि प्रवचनकाराला थांबावे लागले. गोंगाट ओसरल्यावर व्हीलॉक यांनी प्रार्थना केली आणि पाळक खाली उतरून लोकांशी बोलत राहिले.

टीका लगेच झाली. बॉस्टनचे चार्ल्स चॉन्सी यांनी १७४३ च्या ग्रंथात या लाटेला विकारांचा उद्रेक ठरवले. एडवर्ड्स यांचे उत्तर साधे होते: आग लागलेल्या घरातल्या माणसाला हळू आवाजात सावध करणे हीच क्रूरता. तरी भीतीची किंमत त्यांनाही ठाऊक होती. १७३५ मध्ये, नॉर्थॅम्प्टनमधील पहिल्या जागृतीच्या भरात, आत्म्याच्या चिंतेने खंगलेले त्यांच्या सख्ख्या मावशीचे यजमान जोसेफ हॉली यांनी गळा चिरून घेतला होता आणि त्यानंतर ती लाट ओसरली. १७४६ च्या धर्मभावनांवरील ग्रंथात एडवर्ड्स यांनी स्पष्टच लिहिले की घाबरणे, रडणे, थरथरणे हा कृपेचा पुरावा नव्हे. १७५० मध्ये प्रभुभोजनाचे नियम पुन्हा कडक करण्याच्या वादात त्यांच्याच मंडळीने मोठ्या बहुमताने त्यांना काढून टाकले. १७५८ मध्ये प्रिन्स्टन येथे देवी टोचून घेतल्यावर ते वारले.

त्यांच्या विचारांच्या परंपरेतूनच न्यू इंग्लंडमधील परदेशी मिशनची चळवळ उभी राहिली. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगरपर्यंत पसरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची तेथे सुरुवात झाली.

एडवर्ड्स यांची सुमारे १,२०० प्रवचने हस्तलिखित रूपात उरली आहेत आणि त्यांपैकी नरकाची धास्ती घालणारी थोडीच आहेत; प्रेम, सौंदर्य आणि स्वर्ग यांवरची कितीतरी. अमेरिकेतल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत मात्र एनफिल्डचेच प्रवचन असते, तेही बहुधा उत्तरार्धातले उतारे तेवढे. कोळी आणि आग विद्यार्थ्यांपुढे येतात, दहा मुद्दे गळतात. त्या दहा मुद्द्यांवाचून हे प्रवचन निव्वळ आरडाओरडा वाटते, आणि आरडाओरडा एडवर्ड्स यांनी त्या दिवशी केलाच नव्हता.