जुनें घर कीं नवें घर?



माझा एक जुना विद्यार्थी परवां सल्ला विचारावयास आला. आयुष्यभराची शिल्लक त्याला घरांत घालावयाची आहे. पुण्याच्या पेठेंतील जुनें घर घ्यावें, कीं नव्या इमारतींतील जागा, हा त्याचा प्रश्न. मीं त्याला पुण्याचाच इतिहास सांगितला.

पेशवाईंतील वाडा म्हणजे दगडाचें जोतें, सागवानी खांब-तुळया आणि वर मातींत रचलेल्या विटांच्या भिंती. जाड भिंतींमुळें उन्हाळ्यांत गारवा राही; चौकांतून उजेड व वारा येई. अशीं घरें पिढ्यान्‌पिढ्या टिकलीं, तीं वर्षानुवर्षें कौलें चाळलीं, गिलावा केला, म्हणून. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पुष्कळ जुन्या घरांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूस आसरा मिळाला. पण डागडुजीस पैसा उरेना.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. भिंतींतील माती विरघळली. आमचेंहि घर त्याच दिवशीं गेलें. मी तेव्हां तान्हा होतों. आई सांगे, भिंत कोसळल्याचा मोठा आवाजहि झाला नाहीं. ती नुसती खालीं बसली. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि ‘जुनें तें धोक्याचें, नवें तें भक्कम’ ही समजूत रूढ झाली.

ती अर्धीच खरी आहे. ते वाडे केवळ वयामुळें पडले नाहींत; सखल जागा आणि मातीची बांधणी यांनीं त्यांचा घात केला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आजहि उभा आहे. उलट, सिमेंटच्या पोटांतील सळईला ओल लागली कीं ती गंजून फुगते आणि सिमेंटच फोडते. नव्या जागेचे कागदहि तपासूनच घ्यावे लागतात. ग्राहकाची फसवणूक होऊं लागली, म्हणून तर १९६३ चा मालकी सदनिका कायदा आणि पुढें २०१६ चा स्थावर संपदा कायदा करावा लागला.

मीं त्याला इतकेंच म्हटलें, “बाबा, घराचें वय शेवटीं विचार. आधीं विचार, पुराचें पाणी कोठवर आलें होतें? भिंत कशांत बांधली आहे? डागडुजी कोणी केली, आणि यापुढें कोण करणार? मालकी कोणाच्या नांवें आहे?” या चार प्रश्नांना जें घर सरळ उत्तर देईल, तें जुनें असो वा नवें, राहण्यास योग्य समजावें.