सिस्को व्हीमॅनेज

सिस्को व्हीमॅनेज ही सॉफ्टवेअर-नियंत्रित विस्तृत क्षेत्र जाळ्याचे, म्हणजेच एसडी-वॅनचे, व्यवस्थापन एकाच डॅशबोर्डवरून करणारी प्रणाली आहे. ती मूळची २०१२ मध्ये स्थापन झालेल्या व्हिप्टेला या अमेरिकी कंपनीची. २०१७ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. २०२३ मध्ये प्रणालीचे नाव 'कॅटलिस्ट एसडी-वॅन मॅनेजर' असे करण्यात आले, तरी अभियंत्यांमध्ये जुनेच नाव रूढ आहे.

रचना

व्हीमॅनेज स्वतः माहितीची वाहतूक करीत नाही. नव्या राउटरची ओळख पटवून त्याला जाळ्यात घेण्याचे काम व्हीबाँड करतो, मार्गांची माहिती व धोरणे व्हीस्मार्ट पुरवतो, तर प्रत्यक्ष वाहतूक शाखांमधील राउटर कूटबद्ध बोगद्यांतून परस्पर करतात. त्यामुळे व्हीमॅनेज बंद पडले तरी शाखांमधील संपर्क तुटत नाही. व्हीस्मार्टशी संबंध तुटल्यासही राउटर आधी मिळालेल्या मार्गांवर मूळ मांडणीनुसार १२ तास काम चालू ठेवतात.

सराव प्रयोगशाळा

चालू जाळ्यावर प्रयोग करणे धोक्याचे असते. चुकीचा एक साचा अनेक शाखांवर एकाच वेळी लागू होऊ शकतो. यासाठी सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्समध्ये सरावाची सोय आहे. डॅशबोर्डवर आरंभी नियंत्रकांची व राउटरची स्थिती दिसते. एखादा राउटर निवडल्यास त्याच्या बोगद्यांतील पॅकेटहानी, विलंब आणि विलंबातील चढउतार, म्हणजे जिटर, पाहता येतो.

साचा जोडलेल्या राउटरची मांडणी कमांड लाइनवरून बदलता येत नाही. पारंपरिक राउटरची सवय असलेल्यांना हे प्रथम खटकते. साचा लागू केल्यावर राउटरचा व्हीमॅनेजशी संपर्क तुटला, तर मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांनी तो आपोआप पूर्वीच्या मांडणीवर परततो. ही सोय जाणून घ्यायची, तर सरावात मुद्दाम चूक करून पाहणे उपयुक्त ठरते.

दुव्याची गुणवत्ता बिघडवली तरी वाहतूक लगेच दुसऱ्या मार्गाने वळत नाही, यानेही नवशिके गोंधळतात. हा दोष नव्हे. राउटर दर सेकंदाला तपासणी-पॅकेट पाठवत असला, तरी गुणवत्तेचा हिशेब मूळ मांडणीत दर १० मिनिटांनी होतो आणि निर्णय अशा सहा हिशेबांच्या सरासरीवर घेतला जातो. दुवा पूर्णपणे तुटल्यास मात्र सात तपासण्या चुकताच, सुमारे सात सेकंदांत, तो बोगदा बाद ठरतो.

डॅशबोर्डवरील बहुतेक माहिती रेस्ट पद्धतीच्या एपीआयद्वारेही मिळते. त्यामुळे पायथॉनसारख्या भाषेतून स्वयंचलनाचा सराव याच प्रयोगशाळेत करता येतो.