ढग वगळलेली उमरी

ऑनलाइन नकाशावर उपग्रहचित्र निवडून मराठवाड्यातल्या उमरीवर या. स्टेशन, मुदखेडकडून धर्माबादकडे जाणारा रूळ, घरांची छपरे, शेतांचे बांध ओळखू येतात. पण मराठवाड्याच्या अशा चित्रांत शिवार बहुधा उघडे, काळे-तपकिरी असते. सोयाबीन आणि कापूस ज्या महिन्यांत रानात उभे असतात, ते महिने नेमके गळालेले असतात. कारण चित्र निवडताना पहिली अट एकच असते: ढग नको.

ही अट हेर-उपग्रहांच्या काळापासूनची आहे. अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहांत खरीखुरी फिल्म असे. ती संपली की कुपी खाली सोडायची आणि पॅराशूटने उतरत असताना विमानाने अधांतरीच पकडायची. ऑगस्ट १९६० मध्ये हे पहिल्यांदा साधले. फिल्म मोजकीच, ढगांचे फोटो आले तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून १९६२ पासून अमेरिकी लष्कराने खास हवामान-उपग्रह सोडायला सुरुवात केली. आभाळ कुठे मोकळे आहे ते त्यांनी सांगायचे, मग हेर-उपग्रहाने कॅमेरा उघडायचा. चित्रे निवडण्यासाठी वेगळे उपग्रह! मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. त्या कॅमेऱ्यांचे सांकेतिक नाव ‘कीहोल’ होते. पुढे एका नकाशा-कंपनीने ते घेतले, २००४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ लोकांसमोर आले.

आपल्याकडच्या दूरसंवेदनाची सुरुवात शेतीतून झाली. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या रोगट झाडांचा माग काढला. पुढे १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या बारीक नजरेच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३६.२५ मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने तेरा गुंठे. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका नऊ गुंठ्यांचा, युरोपच्या सेंटिनेल-२ चा एक गुंठ्याचा. बांध, गोठा, विहीर दिसायला हवी तर अर्ध्या-पाऊण मीटरची विकतची चित्रे लागतात. म्हणून नकाशा दुरून पाहताना एक चित्र असते, जवळ जाताच त्याच्या जागी दुसरेच येते.

दुरून दिसणारे चित्र कोणत्याही एका दिवसाचे नसते. २००८ मध्ये लँडसॅटचा साठा सर्वांना मोफत झाला. त्याच्या जोरावर २०१३ मध्ये गूगलने साऱ्या पृथ्वीचे बिनढगांचे चित्र जुळवले: एकाच जागेच्या अनेक तारखांच्या प्रतिमांमधून स्वच्छ ठिपके वेचून. जवळच्या चित्रात तारीख, सूर्याची उंची आणि कॅमेऱ्याचा कोन पाहतात. कॅमेरा फार तिरपा असेल तर उंच इमारती कललेल्या दिसतात. असे बरेच उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातात. त्या वेळी दुपारचे ढग अजून जमलेले नसतात आणि सावल्यांमुळे चढउतार कळतात. दोन तारखांची चित्रे जिथे जोडली जातात तिथे कधी एकाच शेताचा अर्धा भाग हिरवा, अर्धा नांगरलेला दिसतो.

जून ते सप्टेंबर या निवडीत टिकणे अवघडच. पण ज्या हंगामावर गावाचे वर्ष चालते, तोच चित्रात नसणे मला खटकते. दूरच्या माणसाने हा नकाशा पाहून शिवार पडीक समजले तर त्याला काय दोष द्यावा? निदान चित्राचा महिना ठळक लिहायला हवा.

ढगांतून पाहणारे रडार आहे. भारताचा रडार-उपग्रह रिसॅट-१ २०१२ मध्ये गेला, युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ मध्ये. भरपावसातही ते भाताचे क्षेत्र आणि पुराचे पाणी मोजायला उपयोगी पडते. मात्र रडारची प्रतिमा करडी, दाणेदार. तिच्यात आपले घर शोधणे सामान्य माणसाला जमत नाही. म्हणून तज्ज्ञांच्या कामात ती रोज असली, तरी मोबाइलच्या नकाशासाठी अजून तिची निवड होत नाही.